मुली येत नसत

१२ मार्च, दुपार

दादा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, बाबा बातम्यांशी भांडतात. आणि मी या वयात पीएचडी करतेय! विषय: व्हिडिओ गेम पार्लरचा सामाजिक इतिहास. हस खुशाल, बाबाही हसले होते.

वर्षभर म्हाताऱ्या पार्लरवाल्यांना आणि टक्कल पडलेल्या जुन्या पोरांना गाठून मुलाखती घेतेय. शाळेमागची ती काळोखी खोली आठवते? चार मशीन, एक पंखा, घामाचा वास. स्क्रीनच्या कडेवर ज्याचं नाणं, त्याचा पुढचा नंबर. दुसऱ्याच्या नाण्याला कुणी हात लावत नसे. वर्गात एकमेकांची डोकी फोडणारी पोरं तिथे गुमान उभी राहायची.

सगळ्यांनी एक गोष्ट मात्र छातीठोकपणे सांगितली, मुली येत नसत. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, लिहून टाक. माझा हात चालेना.

मग आपल्या पार्लरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी आपणहून तुझा विषय काढला. म्हणाले, "तुझा भाऊ चांगला खेळायचा गं. पण एकदा हरला आणि लाथ घालून मशीनची काच फोडली. पळताना टोपी पडली, आत नाव होतं, म्हणून तुमच्या घरी आलो."

दादा, तू शिकवणीला गेलास की तुझा शर्ट आणि टोपी घालून मी जायचे. आखूड केस, तुझ्यासारखाच चेहरा, कुणाला पत्ता लागला नाही. बाबांनी ती टोपी तुझ्यासमोर आपटली, तेव्हा तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलास. आठवड्याभरात तुझी रवानगी मामाकडे झाली. तू पुन्हा या घरात राहिला नाहीस. मी अकरा वर्षांची होते, घाबरले होते. पण नंतरची पस्तीस वर्षं मी काही अकराची नव्हते.

आता हे प्रबंधात लिहिलंय. बाईंनी विचारलं, कुणी साक्षीदार आहे का? म्हटलं, आहे, पण तो आमच्याकडे येत नाही.

काल बाबांना ते प्रकरण वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मग तो बोलला का नाही?"

"मी रडत होते, बाबा."

त्यांनी तुझा फोन नंबर मागितला. आई लगेच वही आणायला उठली. मीच तिला थांबवलं, म्हटलं, आधी दादाला विचारते.

देऊ का?

तुझ्यामागे या घरात एकटीच लाडात वाढलेली,
चिंगी