दोन ओळींची चिठ्ठी

पेण, १९९८. हरतालिकेआधीचा शनिवार, संध्याकाळ.

किळस आली आज. शेठची, त्या कॉम्प्युटरची, माझीसुद्धा.

जिते गावच्या तात्यांच्या गणपतीचे डोळे आमच्या कारखान्यात आखून टाकले. दरवर्षी त्यांची मूर्ती डोळ्यांशिवाय जाते, डोळे त्यांची म्हातारी आई घरी आखते. मूर्तींना लावायच्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या मी हाताने लिहायचे तेव्हा जागा संपली की कागद उलटून मागे लिहायचे. शेठच्या कॉम्प्युटरवर चिठ्ठीला दोनच ओळी. तात्यांचं लांबलचक नाव आणि गाव यातच त्या भरल्या. 'डोळे आखू नयेत' मी टाइप केलं होतं, ते छापलंच गेलं नाही. मूर्तीला लावताना चिठ्ठी वाचली का मी? नाही.

शेठ म्हणाले, "पांढरा मारून देतो, दोन मिनिटांचं काम."

"उघडलेले डोळे पुसायचे? नाय," तात्या म्हणाले.

मग शेठ माझ्याकडे वळले. "पुढच्या वर्षी नावं छोटी टाका." मी चक्क मान डोलावली. कागद उलटून चार शब्द लिहायला काय झालं होतं मला?

तात्या भांडले नाहीत. मूर्ती टेम्पोत ठेवून एवढंच म्हणाले, "आय सकाळपासून चष्मा लावून, ब्रश घेऊन बसलीय."