खिरीतलं केशर

३ फेब्रुवारी
तळमजल्यावरची मेहजबीन श्रीनगरहून केशराची डबी घेऊन आली – ह्यांच्यासाठी. कोमट दुधात अर्धा तास भिजवा, नुसतं वरून भुरभुरवू नका, असं बजावून गेली. तीस वर्षं आम्ही वेलचीवर भागवलंय. केशर लग्नाकार्यात, लोकांना दिसावं म्हणून! घरच्या खिरीत कशाला? हे मात्र नेहमी म्हणायचे, एकदा घालून तर बघ.
आता ह्यांच्या घशाला रेडिएशन होऊन दोन महिने झाले. ताक नि चहा सारखाच लागतो म्हणतात.

४ फेब्रुवारी
घातलं. शेवयांची खीर, पातळ. घरभर वास. अर्धी वाटी गेली. "छान लागतंय," म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदा एवढं पोटात गेलं.

५ फेब्रुवारी
परत खीर. पूर्ण वाटी! खरंच चव लागते का, विचारलं. न लागायला काय झालं, म्हणाले. मी खोदून विचारलं नाही.

९ फेब्रुवारी
रिपोर्ट आणायला एकटीच गेले. डॉक्टरांनी बसवून सांगितलं. फुप्फुसात पसरलंय. आता औषध फक्त दुखू नये म्हणून.
बसमधून विश्रांतवाडीला उतरायचंच राहिलं. पुढच्या स्टॉपवरून चालत आले. ह्यांना सांगितलं – सगळं नॉर्मल आहे. अपेक्षालाही फोनवर तेच. ती लोणी काळभोरला कॉलेजात शिकवते, तास सोडून धावत आली असती. पोटच्या पोरीशी खोटं बोलले.
रिपोर्ट कपाटात, साड्यांखाली.

१० फेब्रुवारी
केशर भिजवत बसायचं बळ नव्हतं. चिमूटभर खायचा रंग टाकला. जिभेला कळत नाही त्या माणसाला काय फरक पडणार?
हे वाटीत बघत राहिले. मग सगळी संपवली. केशर उत्तम आहे, म्हणाले.
मी भांडी घासत उभी राहिले. घासलेलीच.

११ फेब्रुवारी
तेच. रंग. 'छान.'

१३ फेब्रुवारी
सकाळी हे स्वयंपाकघरात येऊन बसले. "तीन दिवस खिरीत काडी दिसली नाही," म्हणाले. चव तर पहिल्या दिवशीही नव्हती म्हणे. मला बरं वाटावं म्हणून खात होते.
मग म्हणाले, कपाटातला रिपोर्ट वाचलाय.
"रविवारी अपेक्षाला बोलाव. तिला मी सांगतो. आणि खिरीत खरं केशर घाल. तिला चव लागते."