चर्चच्या दारातली पिशवी

प्रिय शोभना,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे आखातात, खलिफा सिटीत आम्ही दोघं सुखरूप आहोत. फोनच केला असता, पण लग्नघरात तुझा फोन सगळ्यांच्या हातांतून फिरतो, आणि तोही स्पीकरवर. शेजारचा मधू उद्या गावी निघालाय, त्याच्याबरोबर पाठवतो आहे. एकटी असशील तेव्हा वाच.

आभा नीट जेवते. काल तिने आमटी केली. तुझ्यासारखी नव्हती, पण मी मागून घेतली. शाळेत तिला एक अमेरिकन कादंबरी लावली आहे, तिथल्या काळ्या समाजातल्या एका बाईने लिहिलेली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती मला वाचून दाखवते, आणि अडलं की मराठीत सांगते. माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं, तुला ठाऊकच आहे.

त्या गोष्टीत एका चर्चच्या दारात तपकिरी कागदाची पिशवी टांगलेली असते. पिशवीपेक्षा उजळ असेल तो आत, काळा असेल त्याने परत जायचं. मला वाटलं, गोऱ्यांचं चर्च असेल. आभा म्हणाली, "नो बाबा, देअर ओन पीपल." गोऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना हीन ठरवलं, आणि तीच मोजपट्टी त्यांनी आपल्याच लेकरांना लावली. ज्याने हे रंग घडवले, त्याच्याच दारात, शोभना!

मग आभा उठली, खुबूसच्या रोट्या आणलेली बेकरीची तपकिरी कागदी पिशवी घेऊन आली आणि तिच्यावर आपला हात ठेवला. "मी आउट." मग माझा हात ओढला. "बाबा, तू तर गेटवरच खलास!" आम्ही खूप हसलो. हसता हसताच तिने विचारलं, ममतामामीकडे अशी पिशवी आहे का?

तेव्हा मला कळलं, परवा व्हिडिओ कॉल बंद झाला असं समजून तुम्ही जे बोललात, ते तिने ऐकलं होतं. लेकीच्या, संजनाच्या लग्नात करवली म्हणून आपल्या भावाची मुलगी उभी करू, असं ममतावहिनी म्हणाल्या. आभाच्या हातात दिवा दिला तर दिव्याखाली अंधार दिसायचा, असंही म्हणाल्या. सगळे हसले. तूही हसलीस म्हणे. नंतर तू मला निरोप पाठवलास, तिला पार्लरमध्ये नेऊन गोरेपणाची ट्रीटमेंट करून घ्या, म्हणजे वहिनींना बोलायला जागा उरणार नाही. तुझं मन मला कळतं. लहानपणी तिला दुधात बेसन कालवून चोळायचीस, तेही मायेनेच. पण त्या कादंबरीतली आईसुद्धा मायेनेच मुलीला पिशवीपुढे नेऊन उभी करते गं.

मी तिला पार्लरमध्ये नेलं नाही. आणि तिने सांगून टाकलं, मी लग्नाला येणार नाही. संजना फोनवर रडली, तू नसलीस तर मी अंतरपाटामागे उभी कशी राहू म्हणाली, तरी ही ऐकेना.

वहिनींशी मी बोलतो, असं मी म्हणालो. आभा म्हणाली, मामीचं सोड. मग तिने फोनमधले फोटो उघडले. तिचे वाढदिवस, इथले गणपती, समुद्रकाठी कॉर्निशवरचं आपलं फिरणं. एकेक दाखवत तिने विचारलं, यात आई कुठे आहे? शोभना, तू कुठेच नाहीस. दर वेळी तूच म्हणतेस, यल्ला, चला, उभे राहा, मी काढते. मला वाटायचं, तुला फोटो काढायची हौस आहे. लेकीला मात्र कधीच कळलं होतं.

म्हणून हे पत्र. तिची एकच अट आहे. करवली कुणीही होवो, पण लग्नाच्या फोटोत आईने तिच्या शेजारी उभं राहायचं, तोंडाला पावडर न फासता, आपल्या रंगात. तू हो म्हणालीस तर ती शुक्रवारच्या विमानाने माझ्याबरोबर येते. मला उत्तर नको, तिला फोन कर. आणि माझंही एक ऐक. तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या काकूंनी तुला खिडकीपासून लांब, कोपऱ्यात बसवलं होतं. तू पाणी द्यायला उठलीस आणि उजेडात आलीस. माझा होकार त्या उजेडातला आहे. फोटो काढायला कुणालाही सांगू. एका बाजूला आभा असेल, दुसऱ्या बाजूची जागा माझी.

तुझाच,
सूर्यकांत