पंचेचाळिसाव्या पलटणीच्या चुका

५ सप्टेंबर, गुरुवार
आज आमच्या छोटे सैनिक रंगवायच्या क्लबमध्ये डेरिक हॅलमनी त्यांची पंचेचाळिसावी पलटण माझ्या हाती सोपवली. छत्तीस शिशाचे सैनिक, प्रत्येकी अंगठ्याच्या पेराएवढा, बुटांच्या खोक्यात कापसावर निजवलेले. नेपोलियनच्या काळातली आपल्या नॉटिंगहॅमशरची पलटण. १३ ऑक्टोबरला खाणकामगारांच्या हॉलमध्ये आमचं वार्षिक प्रदर्शन आहे आणि मधलं मोठं टेबल दरवर्षी डेरिकचंच असतं. यंदा त्यांचे हात फार थरथरतात, आणि समोरचं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. म्हणाले, पोरी, तीन संगिनी मोडल्यात तेवढ्या चिकटव, धूळ झटक, बाकी काही करू नकोस. हे माझं शेवटचं प्रदर्शन, पलटण टेबलावर उभी राहिली की मी सुटलो.

बाकी काही करू नकोस, असं नम्र माणसंच म्हणतात.

नेव्ह (क्लबचा सेक्रेटरी, इतिहासाचं एकही प्रमाणपत्र नाही) म्हणाला, डेरिक, विचार कर रे बाबा, हिनं मागच्या महिन्यात स्वतःचा अंगठा टेबलाला चिकटवला होता. सगळे हसले. क्लबमध्ये एकवीस पुरुष आणि मी एकटी पदवीधर. त्यांना भीती वाटणं स्वाभाविक आहे.

संकल्प: रोज दोन तास. शनिवारपर्यंत संगिनी पूर्ण.

७ सप्टेंबर, शनिवार
एक संगीन लागली. दुसरी माझ्या जीन्सला लागली. तिसरी कार्पेटमध्ये आहे, आईच्या पायाला सापडेल.

पण त्याहून गंभीर गोष्ट. भिंगातून पलटण पाहिली आणि हादरलेच. ही पलटण आहे की जत्रा? एकाची लाल दाढी छातीपर्यंत. एकाला चष्मा. एकाची पोटावरची बटणं उघडी. एक चक्क सावळा, गव्हाळसुद्धा नाही, चांगला सावळा. एकाच्या डाव्या हाताला तीनच बोटं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांभोवती काळी कड, काजळ घातल्यासारखी. इंग्लंडचं सैन्य काजळ घालून लढत होतं असं मी कॉलेजच्या तीन वर्षांत एकाही पुस्तकात वाचलेलं नाही.

कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या हिरव्या. लायब्ररीतून आणलेल्या गणवेशाच्या तक्त्यात पिवळ्या आहेत. स्वच्छ लिहिलंय.

८ सप्टेंबर, रविवार
तिसरी संगीन आईच्या पायाला सापडली. आई जे बोलली ते लिहीत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
क्लबमध्ये डेरिकच्या शेजारी बसले. ते पुदिन्याची चटणी घातलेले उकडलेले वाटाणे खात होते, निम्मे बशीबाहेर. मी विचारलं, ही पलटण कुणी रंगवली? म्हणाले, बेरिलनं. म्हणजे त्यांची बायको, वारली सहा वर्षांपूर्वी. मग बराच वेळ बोलले. मी कोळशाच्या खाणीतून शिफ्ट संपवून आलो की ती किचनच्या टेबलाशी ब्रश घेऊन बसायची, आज खाली कोण काय बोललं ते विचारायची, आणि मी सांगत असताना रंगवायची. ही माझी शिफ्ट, पोरी, असंही म्हणाले. अख्खी शिफ्ट.

म्हातारी माणसं आपल्या वस्तूंवर अशीच माया करतात. मी मान हलवत होते, पण मनात पिवळ्या रंगाचा विचार चालू होता. गडद की फिकट?

एकंदरीत निष्पन्न असं की रंगवणारी व्यक्ती अप्रशिक्षित होती. बिचारीला संदर्भग्रंथ मिळाले नसतील. मला मिळाले आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि शिकलेल्या माणसानं शिक्षण स्वतःपुरतं ठेवू नये. डेरिकना सांगायचं नाही. प्रदर्शनाच्या दिवशी बघून धन्य होऊ देत.

१४ सप्टेंबर, शनिवार
जुना रंग काढायला सुरुवात. क्लबमधले लोक यासाठी जखमा धुवायचं जंतुनाशक वापरतात. छत्तीस सैनिक लोणच्याच्या दोन बरण्यांत बुडवले. एक क्षणभर लाल दाढीवाला काचेतून माझ्याकडे बघतोय असं वाटलं. भावनाविवश होणं हा संशोधकाचा शत्रू.

आई म्हणाली, घराला दवाखान्याचा वास येतोय. बाबा म्हणाले, दवाखान्यात निदान नोकरी तरी लागते.

१५ सप्टेंबर, रविवार
सैनिक बाहेर काढून नळाखाली धरले. पाणी लागताच सगळ्या रंगाचा चिकट लगदा झाला, चघळलेल्या गमसारखा, आणि छत्तीसच्या छत्तीस एकमेकांना चिकटले. आधी जंतुनाशकातच घासायचं आणि पाणी सर्वांत शेवटी, हे म्हणे क्लबात लहान पोरालाही माहीत असतं. मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं, पण सांगायला काय झालं होतं?

सहा तास टूथब्रशनं घासले. टूथब्रश बाबांचा. त्यांना सांगायचं नाही.

आई सिंकशी उभी राहून म्हणाली, मी शाळेच्या कँटीनमध्ये भांडी घासली ती तू भांडी घासू नयेस म्हणून. आता तू बाहुल्या घास.

सैनिकांच्या पायाखालच्या चकतीवर बारीक शाईत अक्षरं होती. ओ. बी., टी. डब्ल्यू., जे. एस. वगैरे. कारखान्याचे कोड असावेत. खरवडून टाकले.

१९ सप्टेंबर, गुरुवार
क्लबला गेले नाही. डेरिकचा फोन आला. विचारलं, पोरं कशी आहेत? मी म्हटलं, मजेत आहेत, अंघोळी झाल्या. ते इतके हसले की खोकला लागला.

त्यांचा आनंद ऐकून माझा निर्णय योग्य असल्याची खात्री पटली.

२८ सप्टेंबर, शनिवार
चार पूर्ण. संकल्पानुसार चोवीस व्हायला हवे होते. पण ते चार फारच अचूक आहेत. चौथ्याला डोळे काढताना हात हलला आणि एक डोळा गालावर गेला. गाल पुन्हा रंगवला, तर नाक गेलं. अनुभवातून असं लक्षात आलं की एवढ्या लहान सैनिकाला डोळे काढणं हीच मुळात ऐतिहासिक चूक आहे. टेबलाच्या अंतरावरून डोळे दिसतच नाहीत.

नवी पद्धत: सगळ्यांना एकदम. आधी छत्तीस चेहरे गुलाबी, मग छत्तीस कोट लाल, मग छत्तीस कॉलर पिवळे. गणवेश या शब्दातच सारखेपणा आहे.

६ ऑक्टोबर, रविवार
छत्तीस चेहरे गुलाबी झाले. एकाच छटेचे. शिस्त दिसते. बाबा येऊन बघून गेले आणि म्हणाले, कोळंबी छान झालीय.

१० ऑक्टोबर, गुरुवार
क्लबला गेले नाही. नेव्हचा मेसेज: पलटण आज आणून टेबलावर लावून बघायची ठरली होती ना? उत्तर दिलं की अंतिम टप्प्याचं गुपित आहे. त्याचा मेसेज: डेरिकनी विशेष कुणाकुणाला बोलावलंय, लक्षात ठेव.

म्हणजे कुणीतरी मोठं येणार. म्युझियमचं असेल. दोन मिनिटांचं भाषण तयार केलं, विषय: आठवणींच्या गर्दीत अचूकतेचं महत्त्व.

१२ ऑक्टोबर, शनिवार
सगळे पूर्ण! शेवटी वॉर्निशचा फवारा मारायचा राहिला होता. घरात मारायला आईनं बंदी केली (कँटीनवाल्यांना रसायनांची भीती). मागच्या अंगणात मारला. हवा जरा दमट होती. सुकल्यावर सगळ्यांवर पांढुरका थर आला, पिठाच्या डब्यात पडल्यासारखा. लाल कोट गुलाबी, गुलाबी चेहरे पांढरे.

 मग सुचलं: बंदुकांचा धूर! लढाईत असंच दिसत असणार. कधी कधी साधनंसुद्धा आपल्यापेक्षा शहाणी असतात.

१३ ऑक्टोबर, रविवार. प्रदर्शन.
जे घडलं ते तटस्थपणे नोंदवते.

पलटण मी पहाटे जाऊन टेबलावर लावली. दहा वाजता डेरिक आले, कोट, टाय, केस पाण्यानं बसवलेले. त्यांच्यामागून विशेष पाहुणे आले. म्युझियमचं कुणी नव्हतं. चार म्हातारे होते. एक काठी टेकत, एक प्राणवायूची नळी नाकात घालून. डेरिकनी ओळख करून दिली, ही ती पोरगी, हिनं आपल्याला अंघोळी घातल्या. चौघांनी माझा हात हातात घेतला. मग चौघं टेबलावर वाकले.

रांगांवरून बोट फिरवत पुन्हा पहिल्या रांगेशी आले. मला वाटलं, भारावले.

पांढऱ्या दाढीचा एक, नाव ऑझी बर्डेट, म्हणाला, डेरिक, मी कुठाय रे? दरवर्षी दुसऱ्या रांगेत असतो. डेरिक भिंग घेऊन वाकले, डोकं तिरकं करून, कारण कडेचंच दिसतं. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मी मदतीसाठी पुढे झाले आणि म्हटलं, कुठलाही घ्या, सगळे सारखेच आहेत.

काठीवाले जसवंत सिंग म्हणून होते. त्यांनी एक सैनिक तळहातावर घेतला आणि म्हणाले, तीस वर्षं खाणीत हे लोक मला गोरा करायला बघत होते, ह्या पोरीनं महिन्यात करून दाखवलं. सगळे हसले. नळीवाले म्हणाले, माझी दोन बोटं परत आली बघ, आता भरपाई परत मागतील. पुन्हा हसले. डेरिक हसले नाहीत.

तेवढ्यात नेव्ह आला. पाहिलं आणि म्हणाला, कॉलर पिवळे का? मी पुस्तक सोबत नेलं होतं, तक्ता उघडून दाखवला. त्यानं माझं बोट धरून एक ओळ खाली सरकवलं. पिवळा रंग चव्वेचाळिसाव्या पलटणीचा. ती एसेक्सची. आपल्या पंचेचाळिसावीचा हिरवा.

ऑझी म्हणाले, छान. आम्ही चौघं सोडून बत्तीस जणांची मेल्यावर एसेक्सला बदली.

मी भाषण केलं नाही. वेळ कमी होता.

डेरिकनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं डोळ्यांना लावतील. त्यांनी तो भिंगाला लावला, पुसलं, आणि पुन्हा पहिल्या सैनिकापासून सुरुवात केली. छत्तीसही पाहिले. एक वाजता घरी गेले. खोकं तिथंच राहिलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार
एक ओळ चुकली, कबूल. पण तक्ता फार बारीक छापलाय. आणि हे चेहरे खऱ्या माणसांचे आहेत असं डेरिकनी स्पष्ट सांगायला हवं होतं. ही माझी शिफ्ट, या वाक्याचे अनेक अर्थ होऊ शकतात.

संध्याकाळी नेव्हचा फोन. त्याच्याकडे दरवर्षीचे फोटो आहेत, पण सगळे वरून काढलेले, नुसत्या टोप्या दिसतात. म्हणाला, तू आता डेरिककडे जाऊ नकोस. मी म्हटलं, जाणार. चूक सुधारण्याची हिंमत हवी. तो म्हणाला, तुझ्या हिमतीनंच तर मेलेत सगळे.

संकल्प: हॉलमधून खोकं आणून छत्तीसही चेहरे पुन्हा रंगवायचे, जसे होते तसे. डेरिक वर्णन करतील, मी रंगवीन. रोज एक. नोव्हेंबर संपायच्या आत पलटण पूर्ण. बेरिलनं केलं ते मला का नाही जमणार?

१९ ऑक्टोबर, शनिवार
डेरिकनी दार उघडलं, आत घेतलं, चहा केला. रागावले नाहीत. मी योजना सांगितली. म्हणाले, बरं. मी म्हटलं, ऑझींपासून सुरू करू. ते खिडकीकडे बघून म्हणाले, दाढी होती. लाल. मी विचारलं, नाक? म्हणाले, होतं. डोळे? म्हणाले, बेरिलला विचारायला हवं.

पुरेशी माहिती मिळाली.

२६ ऑक्टोबर, शनिवार
एक आठवडा लागला. एकच सैनिक. सहा वेळा पुसला, सातव्यांदा जमला. डोळेसुद्धा काढले, भोवती काळी कड, काजळाची नव्हे, कोळशाच्या धुळीची. कॉलर हिरवे. बाबा कोळंबी म्हणाले नाहीत. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, हा माणूस दिसतो. मी बसमध्ये खोकं मांडीवर धरून नेलं.

डेरिक दिव्याखाली बसले. भिंग, तिरकं डोकं. सैनिक फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिला. मग विचारलं, हा कोण?

मी म्हटलं, ऑझी.

म्हणाले, असेल.

मी म्हटलं, कुठं चुकलंय ते सांगा, मी दुरुस्त करते. नाक? दाढी जास्त झाली का?

म्हणाले, ते मला नाही सांगता यायचं, पोरी. खाण बंद होऊन तीस वर्षं झाली. माझ्या डोक्यात त्यांचे चेहरे कधीच नव्हते. गुरुवारी खोकं उघडायचो, एकेक उचलायचो, तेव्हा आठवायचे. परवा ऑझी दारात आला तर आधी आवाज ऐकला, मग कळलं.

मी म्हटलं, उरलेले पस्तीस?

ते म्हणाले, चहा घेतेस?

घेतला. कप धुऊन ठेवले. साडेचारची बस चुकली, पाचची मिळाली.