माझ्यामागे मानसीच्या संगणकाचे पाणी कोणी बदलावे

मी, हर्षवर्धन रामजी धुरी, वय सत्तावन्न, व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार काळाचौकी, मुंबई, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे (पत्नीचे याबाबत स्वतंत्र मत आहे), मी कोणत्याही अमलाखाली नाही आणि मला कोणी धाक घातलेला नाही. आमची चाळ पाडून तेथे टॉवर व्हायचा आहे. खोल्या रिकाम्या करण्याआधी प्रत्येकाने मृत्युपत्र करून टाकावे, असे वकील मेघना साळसकर यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना सुचवले. इतरांचे एका पानात उरकले. माझे का उरकले नाही, ते कलम चारपासून कळेल.

१. नव्या इमारतीत मिळणारे घर माझ्यामागे माझी पत्नी सौ. मानसी हिचे व्हावे. माझी आई श्रीमती कौसल्या हिला त्यात तहहयात राहण्याचा हक्क राहील. आम्हांस अपत्य नाही. पुतणे आहेत, त्यांनी हे कलम पुन्हा एकदा सावकाश वाचावे.

२. बँकेतील ठेवी मानसीला. संस्कृत ग्रंथ शाळेच्या ग्रंथालयाला, तेथील कपाटाची किल्ली सापडल्यास.

३. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. दसऱ्याला ते आपल्या मागांना हार घालत. त्यांचे पान्हे आणि हातोडी आई ज्याला देईल त्याला मिळावी. यंत्राची पूजा आमच्या घरात अशी मुरलेली आहे, हे पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवतो.

४. संगणक. मानसी लालबाग-परळच्या मंडळांसाठी देखाव्यांची चित्रे संगणकावर तयार करते. गणपतीच्या आधी यंत्र असे तापे आणि त्याचे पंखे असे घोंघावत की घरात भांडणसुद्धा खुणांनी करावे लागे. वाऱ्याने भागेना, तेव्हा तिने ते पाण्याने थंड करायचे ठरवले. पंप पाणी फिरवतो, पाणी तापलेल्या चिपवरून जाताना उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये टाकते आणि टाकीत परत येते. मला हे सारे समजले आणि मी मान डोलावली. माझी मान स्थिर होते तोवर निलेश पाटकर घरात आलेला होता.

हा निलेश आमच्याच मजल्यावर राहतो. बँकेत अधिकारी, वय बावन्न, अविवाहित, डोक्यावरचे केस सर्व शाबूत. त्याच्या संगणकात पाणी आधीपासूनच फिरते, वर निळे दिवेही लागतात.

यंत्राची पावती माझ्या नावावर आहे. त्यामुळे पुढचा तपशील लिहिण्याचा मला कायदेशीर अधिकार आहे.

५. दोघांनी आमच्या घडीच्या टेबलावर नकाशे काढले. टाकी वर, पंप खाली, म्हणजे पंप कोरडा पडत नाही. मीही एक प्रश्न विचारला, की पाणी आधी कोठे न्यावे आणि मग कोठे, याने काही फरक पडतो काय. "फारसा नाही, सर," निलेश म्हणाला. मी सर. अख्खा मजला माझ्या पत्नीला वहिनी म्हणतो. हा चौथ्या दिवसापासून मानसी म्हणू लागला. तिचेही "निलेशभाऊजी" गळून "अरे" झाले.

मग नळ्या वाकवणे आले. ताठ नळीत सिलिकॉनची दोरी घालायची, म्हणजे ती चेपत नाही, आणि हीट गनने तापवून हलकेच वळवायची.

"फिरवत राहा, मानसी, एका जागी धरू नकोस!"

"अरे, हात भाजतोय माझा!"

"मग हातमोजा घाल ना, वेडे."

नळीला दोन टोके असतात. तिसऱ्या माणसाला धरायला काही उरत नाही. मी वर्तमानपत्र धरले. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतात. मी त्या महिन्यात जिन्यातूनच हसण्यावरून निलेश ओळखू लागलो. "वेडे" ही हाक माझ्या घरात माझ्याआधी दुसऱ्याने वापरली, याची येथे नोंद व्हावी.

६. सर्व जोडून झाल्यावर गळतीची परीक्षा. संगणक बंद ठेवून फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून बघत बसायचे. हे काम मला मिळाले. दुपार कलताना एक कागद भिजला.

"गळतंय!" मी ओरडलो.

"अहो, मुलगा झाल्यासारखं काय ओरडताय?" मानसी म्हणाली.

तो जोड निलेशने आवळला होता. याला दोन साक्षीदार आहेत.

७. दसऱ्याला मानसीने यंत्राला हार घातला. आईने टाकीचे झाकण उघडून चमचाभर गंगाजल घातले. ते तेव्हा कोणाला कळले नाही. दिवाळीनंतर नळ्यांतले पाणी हिरवे दिसू लागले. शेवाळ. चौकशीत आईने गंगाजल कबूल केले.

"आई, हे काय केलंत?"

"पाण्याचा यंत्र ना ता? मगे पाणीच घातलंय, रॉकेल नाय!" आई म्हणाली.

सगळे उपसून, धुऊन, पुन्हा भरावे लागले. म्हणजे निलेश पुन्हा आठवडाभर आमच्या घरी. गंगा पतितपावन आहे, हे मी वर्गात शिकवतो. पण ती पतिताला थेट आमच्या घरात आणून सोडते, असे कोणत्याही टीकाकाराने लिहिलेले नाही.

८. सबब, सदर यंत्र मानसीला मिळावे, पण एका अटीवर. दरवर्षी त्यातले पाणी बदलावे लागते. ते निलेश पाटकर याने बदलू नये.

वकीलबाई म्हणाल्या, "सर, ही अट टिकणार नाही. आणि पाळली की नाही, हे तपासणार कोण?"

मी म्हणालो, "मी." त्यांनी पेन खाली ठेवले.

मसुदा मानसीच्या हाती लागला. तिने तो उभ्याउभ्याच वाचला.

"मेल्यावर पाणी कोणी बदलायचं, यावर एवढं लिहिलंत. जिवंतपणी तुम्हांला कोणी अडवलं होतं?"

"तू बोलावलं नाहीस."

"त्याला तरी कुठे बोलावलं? दारात उभी राहून म्हटलं, कोणी मदतीला येतंय का. तो आला. तुम्ही घरातच होतात."

या युक्तिवादाचे खंडन अद्याप सापडलेले नाही. शोध चालू आहे.

भाड्याच्या घरी जाताना यंत्र रिकामे करावे लागेल आणि तेथे सगळे नव्याने जोडावे लागेल. या खेपेला नळ्या मी वाकवायच्या, असे मानसीने जाहीर केले आहे. मी गॅलरीत जरा मोठ्यानेच "हो" म्हणालो. अट रद्द. तिच्या जागी असे वाचावे: पाणी कोणी बदलावे, हे मानसीने ठरवावे. त्या कामी मी पहिला उमेदवार आहे. मृत असल्यास माझा विचार होऊ नये.

९. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असा नियम वकीलबाईंनी सांगितला. तो ऐकताच मी निलेशचे नाव सुचवले. तो लगेच तयार झाला, मला वाटले होते त्याहून लवकर.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि पत्नीच्या दुरुस्त्यांसह मला कबूल आहे.

स्थळ: काळाचौकी, मुंबई
दिनांक: १८ जानेवारी २०२६

(सही) हर्षवर्धन रामजी धुरी

आमच्या देखत वरील सही झाली:
१. (सही) श्रीमती मालन गुरव, शेजारीण
२. (सही) निलेश पाटकर, केवळ साक्षीदार