‘चालक धरून सुस्थितीत’ या शेऱ्याची दुरुस्ती होणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता (यांत्रिकी),
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय : स्टार्टरच्या भागांतून अर्जदारास वगळून एक तासाची रजा मिळणेबाबत.
संदर्भ : आपला तपासणी शेरा, ‘स्टार्टर चालक धरून सुस्थितीत.’

महोदय,

१. सविनय निवेदन की, अर्जदार रुग्णालयाला पाणी देणाऱ्या पंपावर चालक आहे. मोटर थेट सुरू केली तर पहिल्याच दणक्यात सहापट करंट ओढते आणि रुग्णालयाचे दिवे मिणमिणतात. म्हणून तिला आधी स्टारमध्ये, म्हणजे कमी दाबाच्या विजेवर, दमादमाने उठवायचे आणि वेग आला की स्टार्टरचे हँडल डेल्टात, म्हणजे पूर्ण दाबावर, टाकायचे. तेथे हँडल पकडून ठेवणारी कॉइल जळाली आहे. तेव्हापासून ते अर्जदार पकडतो. तारेने बांधण्यास मनाई आहे आणि ती रास्तच आहे. वीज जाऊन परत आली तर मोटर थेट डेल्टात उठेल. टाकी गळते, म्हणून पंप रात्रंदिवस चालतो. दुसऱ्या चालकाची जागा रिक्त आहे. अर्जदार झोपतोही हँडल धरूनच.

२. फोनवरून नवी कॉइल मागितली असता भांडारपाल म्हणाले, “पंप चालू आहे ना? मग बिघाड कसला? बंद पडला की या.” पंप बंद पडल्यास निलंबन, असे आपले पत्र आहे. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींतले पाणी अर्जदारानेच उपसायचे.

३. तपासणीच्या वेळी आपण ‘चालक हँडल धरून’ असे लिहिणार होतात. घाईत हँडल राहिले. त्यामुळे आस्थापना शाखेने अर्जदारास स्टार्टरचा भाग गणले असून, रजेचा अर्ज ‘यंत्राचे भाग जागेवरून हलवू नयेत’ असे लिहून परत केला.

४. अर्जदाराची पत्नी त्याच रुग्णालयात, रस्त्यापलीकडे बाळंत झाली. हात सोडावा तर तिच्याच खोलीतला नळ कोरडा. काल सासूबाई खिडकीतून ओरडल्या, “मुलगी झाली हो! पाणी तेवढं बंद करू नका, बाळाला आंघोळ घालायचीय!” अर्जदाराला रडू कोसळले. डोळे डाव्या हाताने पुसले. हा अर्जही त्याच हाताने लिहिला आहे, अक्षराची क्षमा असावी.

५. तरी एक तासाची रजा द्यावी. नियमात बसत नसल्यास बाळाला यंत्रगृहात आणू द्यावे. तेही नसल्यास, सासूबाई उद्या बाळ खिडकीशी आणणार आहेत. त्या वेळी अर्जदाराचा हात सुटून पंप बंद पडला, तर तो कामचुकारपणा न समजता भागातील बिघाड समजावा, आणि भाग बदलावा.

आपल्या आज्ञेत व हँडलवर असलेला,
पंपचालक

सोबत : जळालेली कॉइल.
दिनांक : मुलीचा दुसरा दिवस.