दसऱ्यापर्यंतचा धूर

७ सप्टें., रविवार
घोडेगावहून थोरल्या बहिणीला, अक्काला भेटून आले. येताना मंचरला वळणावर गाडी थांबली तर मागे काळा लोट. मोटारसायकलवाला पोरगा तोंडाला रुमाल लावून ओरडला, "आजी, भट्टी लावलीय का?" आजी कोण रे? इंजिन नुसतं चालू ठेवलं की सगळी गाडी थरथरते. सीटवरचा स्टीलचा डबा आळ्याला घर येईपर्यंत खडखडत होता.
घरी आले तर हे पेपरातून मान न काढता म्हणाले, "गिऱ्हाईक बघितलंय. आळेफाट्याचा आहे."
मला न विचारता! स्वतःला गाडी येत नाही, आणि विकायला पुढे. भांडले. नीट भांडले.
उद्यापासून पितृपक्ष, म्हणून गिऱ्हाईक दसऱ्याला नेणार आहे. पितरांनो, पंधरा दिवस तुमचे उपकार.
शेवटी ठरलं ते असं: दसऱ्यापर्यंत धूर बंद झाला, तर गाडी राहील. नाही झाला, तर मी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हो म्हणून बसले.

९ सप्टें., मंगळवार
पोपट मेस्त्रीकडे नेली. चौथीला मीच शिकवलेला, पाढे कधी आले नाहीत. हात मात्र सोन्याचा.
"बाई, धूर काळा का पांढरा?"
"काळा."
"मग हवा कमी पडतीया."
बॉनेट उघडून हवेच्या फिल्टरचा डबा काढला. आत कांद्याची साल, मूठभर! गाडी कांदे साठवायच्या बराखीला लागून उभी करते ना, वाऱ्यानं सगळा कांद्याचा पाचोळा आत ओढला गेलेला. पो. हसून हसून बेजार. "बाई, भजी करायची व्हती का?"
डब्यावरचं माझं कुंकवाचं स्वस्तिक पुसून टाकलं मेल्यानं. नवा फिल्टर. खुशीत घरी.
फाट्यावरून वळले नाही तोच आरशात पुन्हा काळं.

१३ सप्टें., शनिवार
डिझेलचा फिल्टर बदलला. पो. म्हणाला पंपावरच्या डिझेलमध्ये पाणी असंल. नव्हतं. धूर तसाच, थरथर तशीच.
हे अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि मी गाडी चालू केली की मागे बघतात.  नुसतं चष्मा पुसतात. त्या चष्मा पुसण्याचा मला इतका राग येतो की

१७ सप्टें., बुधवार
इंजेक्टर काढून नारायणगावला तपासायला पाठवले. पो.ने त्याआधी दोष शोधायचं मशीनही लावून पाहिलं. मशीन म्हणालं सगळं ठीक. म्हटलं, मशीनला नाक नाही.
रविवारी अक्काकडे एसटीने गेले होते, ते लिहायचं राहिलं. दोन गाड्या बदलून. पोचले तेव्हा अक्का जेवून झोपलेली. तासभर तिच्या उशाशी बसले, उठली आणि माझी परतीची वेळ झाली. गुडघ्यांमुळे ती कुठे जात नाही, रविवारी मी नेते तेवढंच तिचं जग. लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाडी लावून आम्ही दोघी काकडी खात गणपतीला खालूनच हात जोडतो. गाडी गेली तर हे सगळं गेलं. ह्यांना कसं सांगू? सांगितलं तर म्हणतील रिक्षा सांग.

२१ सप्टें., रविवार
सर्वपित्री. गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच शिवला. हे म्हणाले, "बाबांची काही इच्छा राहिली नाही." मी म्हटलं, "राहिली असती तर गाडी विकू नका हीच असती." हसले! पहिल्यांदाच ह्या विषयावर हसले.
इंजेक्टर चांगले निघाले. म्हणजे दोष दुसरीकडेच.

२५ सप्टें., गुरुवार
आज लिहायलाच पाहिजे.
गॅरेजात बसले होते. घट बसलेत, उपास, म्हणून पो.ने केळी आणलेली. तो खाली वाकून काहीतरी पिळत होता. मी उगाच बॉनेटमध्ये डोकावले. फिल्टरच्या डब्याजवळ नळीवर एक छोटी वायरची जोडणी. बोटाने हलवली तर हातात आली. आतल्या पिनांवर हिरवं.
"पोपट, हे कळकलंय रे."
"काय झालंय?"
"कळकलंय! कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर होतं तसं."
उठून आला, बॅटरी मारली.  मग कपाळावर हात. "बाई, हा हवेचा सेन्सर! मी नळी पुसली, फिल्टर बदलला, पण ह्ये उपसून न्हाई बघितलं. हवा किती आली ते इंजिनाला कळंना, मग डिझेल अंदाजानं ओततंय. नव्या सुनंचं मीठ!"
मी म्हटलं चिंच लावून घासू. "चिंच नका लावू बाई, पाया पडतो!" स्प्रे मारून, ब्रशने घासून बसवलं. चालू केली.
काय सांगू. शिवणयंत्रासारखी. डबा सीटवर ठेवला, हललाही नाही. डोळ्यांत पाणी आलं, पो.समोर आलं, आलं तर आलं.
मग म्हणतो, "पण इथं पाणी आलं कुठनं? चिकाट हाय, लाल पन हाय. इंजिन कोन धुतं?"
"मी कशाला धुवू इंजिन!"
खरंच धूत नाही.

२६ सप्टें., शुक्रवार
पहाटे भाजी निवडताना एकदम कळलं. लाल म्हणजे कुंकू. चिकट म्हणजे नारळ.
चौदा दसरे. दर दसऱ्याला बॉनेट उघडून फिल्टरच्या डब्यावर स्वस्तिक काढते, हळदकुंकू वाहते, नारळ फोडून पहिलं पाणी इंजिनावर शिंपडते. टायरची पूजा सगळेच करतात, इंजिनाची कोण करतं, असा माझा तोरा! सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, तिचा जीव तो इंजिनात, म्हणून. मीच माझ्या हाताने दरवर्षी तिच्या नाकात नारळपाणी घातलं.
कुणाला सांगणार नाही. इथेच राहू दे.

२८ सप्टें., रविवार
सांगून टाकलं. अक्काला आधी. ती इतकी हसली की गुडघा धरून बसली. मग घरी येऊन ह्यांना.
हे ऐकत राहिले. म्हणाले, "म्हणजे तीन आठवडे पंप, पोपट, कांदा, मी, सगळ्यांना शिव्या घालून झाल्यावर..."
"हो. मीच."
"बरं."
 चष्मा पुसला, पण खाली बघून. हसत होते, मला दिसू नये म्हणून.
आळेफाटेवाल्याला मात्र अजून नाही म्हणून कळवलेलं नाही. मी विचारलं नाही. दसऱ्यापर्यंत म्हणजे दसऱ्यापर्यंत.

२ ऑक्टो., गुरुवार. दसरा
गाडी धुतली, बॉनेट बंद ठेवून. झेंडूचा हार. हळदकुंकू टायरला, आणि फक्त टायरला. नारळ पायरीवर फोडला, पाणी पेल्यात धरलं आणि ह्यांना दिलं. "इंजिनाच्या वाटचं," म्हणाले, आणि प्यायले.
मग अक्काकडे निघायला चालू केली. गार होती. पहिल्याच ठेक्याला मागे धुराचा एक फुसका निघाला. काळसर. एवढासाच. मग काही नाही.
ह्यांनी पाहिला. ह्यांनी पाहिलेला मी पाहिला.
"हा धरायचा का?" मी विचारलं. 
 आत गेले, आपट्याची पानं घेऊन बाहेर आले, आणि दार उघडून माझ्या शेजारी बसले. चौदा वर्षांत अक्काकडे कधी स्वतःहून आले नाहीत.
नारायणगावला पोचेपर्यंत ह्यांच्या खिशात फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "आळेफाट्याचा असेल. गाडी बाजूला घेऊ का?"
म्हणाले, "तू रस्त्याकडं बघ."